यादीत नसलेलं नाव

खरं मानायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. जिच्या बाबतीत हे घडलं ती अजून त्याच कंपनीत काम करते. तिच्या तोंडून मी हे तीनदा ऐकलंय. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

१४ ऑगस्ट २०१९, बुधवार. तैवानमधलं शिंचू. दुपारचे तीन.

चांद्र वर्षाचा सातवा महिना चालू होता. तिथं मानतात, की मेलेली माणसं या महिन्यात मोकळी फिरतात. त्यांना कोणी भूत म्हणत नाही, भावंडं म्हणतात. आणि कोणी कोणाला मोठ्यानं पूर्ण नावानं हाक मारत नाही.

हाकेला कोण ओ देईल, सांगता येत नाही...

कंपनीच्या फाटकाबाहेर भावंडांसाठी टेबल मांडलं होतं. फळं, पीचचे डबे, शेवया, खाऊचे पुडे. सगळे उदबत्त्या घेऊन खाली गेले होते. तिसऱ्या मजल्यावर दोघंच उरले होते. पेइरोंग आणि तिचा वरिष्ठ याओदादा.

ही कंपनी सलाईनचे पंप बनवते. नळीत हवेचा बुडबुडा आला, की पंपानं थांबायचं आणि वाजायचं.

नाही वाजला, तर हवा थेट शिरेत.

नवा प्रोग्रॅम घातलेले साठ पंप खोक्यांत भरून तयार होते. पाचला ट्रक येणार होता. फक्त पेइरोंगची सही राहिली होती. त्याच नव्या प्रोग्रॅमचे बारा पंप जुलैमध्येच एका रुग्णालयात गेले होते. तेही तिच्याच सहीनं.

शेवटची चाचणी तिनं फांगताईच्या टेबलावर घेतली. चाचणी नेहमी तिथंच व्हायची, कारण पाण्याचा नळ शेजारी होता. त्यांची सहकारी फांगताई मार्चमध्ये वारली होती. बुडबुडा आला की वाजणारी घंटा, म्हणजे त्या घंटेचा कोड, तिनंच लिहिलेला.

पेइरोंगनं नळीत बुडबुडा सोडला.

पंप वाजला.

"झालं. कर सही, आणि चल खाली," याओदादा म्हणाला. "पीचचे डबे संपले तर भावंडं तुलाच धरतील."

"दोन मिनिटं, दादा. फाईल किती मोठी झाली तेवढं बघते."

आधी प्रोग्रॅम वेगळा असायचा आणि लायब्ररी, म्हणजे कोडच्या तयार तुकड्यांची फाईल, वेगळी. पंप सुरू झाला, की प्रोग्रॅम अख्खी लायब्ररी बोलावून घ्यायचा. याला शेअर्ड म्हणतात. पण लायब्ररीची फाईल हरवली तर काय, अशी मॅनेजर यूसाहेबांना धास्ती. म्हणून पेइरोंगनं दोन्ही एकातच शिवून टाकली. याला स्टॅटिक म्हणतात.

हे शिवणारा प्रोग्रॅम म्हणजे लिंकर. काय काय आत घेतलं, त्याची तो यादी देतो. ती यादी तिनं उघडली.

वरून खाली वाचली.

मग खालून वर...

"दादा, फांगताईचा तुकडा यात नाही."

"नीट बघ."

"दोनदा बघितलं."

याओदादा खुर्ची ओढून बसला. त्यानंही बघितलं. मग कपाळ चोळलं.

लिंकरची एक खोड आहे. लायब्ररीतून तो तेवढेच तुकडे उचलतो, ज्यांना कोणीतरी नावानं मागितलंय. न मागितलेले तो तिथंच सोडतो. तक्रार नाही, इशारा नाही. आणि फांगताईच्या तुकड्याला कोणी मागत नव्हतंच. अख्खी लायब्ररी जागी झाली, की तो आपणहून हजेरी लावायचा. ताईनं तो लिहिलाच तसा होता.

म्हणजे नव्या फाईलमध्ये घंटा नव्हती.

"मग आत्ता वाजलं ते काय?" पेइरोंगनं विचारलं.

याओदादानं नळी तिच्याकडे सरकवली.

तिनं पुन्हा बुडबुडा सोडला. पंप वाजला. त्या पंपातली फाईल बाहेर काढून तिनं यादीशी ताडून पाहिली. घंटेचा मागमूस नव्हता.

मग तिनं खोक्यातला एक पंप काढला आणि खिडकीपाशी, आपल्या टेबलावर मांडला. तीच फाईल. बुडबुडा सोडला.

बुडबुडा नळीतून पुढे सरकला...

बुडबुडा टिपणाऱ्या डोळ्यापाशी, सेन्सरपाशी आला...

पलीकडे गेला.

काही वाजलं नाही.

दुसरा पंप. तोही गप्प.

तिसरा. गप्प.

तोच तिसरा पंप तिनं उचलला आणि फांगताईच्या टेबलावर ठेवला. घाईत पाणी सांडलं. ती बुडबुडा सोडणार, तोच तिच्या हिसक्यानं नळीत एक आपोआप शिरला. तांदळाच्या दाण्याएवढा.

पंप वाजला.

खालून उदबत्त्यांचा वास वर येत होता.

"ते बारा," पेइरोंग म्हणाली. "दादा, ते बारा माणसांना लावलेत."

तिनं रुग्णालयाला फोन लावला. वॉर्डच्या मुख्य परिचारिकेनं उचलला.

"सिस्टर, आमचे बाराही पंप आत्ताच्या आत्ता काढा. हवेचा इशारा बंद आहे त्यांचा."

"बंद?" सिस्टर हसली. "अगं बाई, वाजून वाजून कान किटले आमचे. आज सकाळीच चार नंबरच्या आजोबांचा वाजला. एवढा बुडबुडा होता. मीच काढला."

"तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"मी बहिरी आहे का?"

याओदादानं फोन घेतला. तरीही बदला, म्हणाला, हात जोडतो.

ट्रक रिकामा परत गेला. यूसाहेब प्रसादाची संत्री हातात घेऊन वर आले आणि सगळ्यांसमोर ओरडले. "चाचणीत वाजला ना? मग सही करायला काय मुहूर्त हवाय?" पेइरोंगनं सही केली नाही. तिनं नुसतं खिडकीपाशी बोट दाखवलं. साहेबांनी स्वतः बुडबुडा सोडला. मग संत्री तिथंच ठेवून ते खाली गेले.

दुरुस्ती सोपी होती. त्या तुकड्याला एकदा नावानं मागायचं, की लिंकर तो उचलतो. पण फांगताईनं त्याला स्वतःचंच नाव ठेवलं होतं. पूर्ण नाव. पेइरोंगची बोटं त्यावर गेली, तसा याओदादानं तिचा हात धरला.

"या महिन्यात नको, पेइ. नाव नको घेऊस. लिंकरला सांग, मागितलेलं, न मागितलेलं, सगळंच घे."

तसा हुकूम असतो लिंकरला. तिनं तो दिला. यादीत तुकडा आला. खिडकीपाशी साठही पंप एकेक करून वाजले. मग तिनं सही केली.

रुग्णालयातले बारा पंप शुक्रवारी परत आले. तिनं एकेक उघडला. एकाही फाईलमध्ये घंटा नव्हती. खिडकीपाशी मांडले, तेव्हा एकही वाजला नाही.

आणि वॉर्डच्या नोंदवहीत महिन्याभरात एकोणतीस वेळा इशारा झाल्याचं लिहिलं होतं. एकोणतीस सह्या, वेगवेगळ्या परिचारिकांच्या.

"ताईनं सांभाळलं," याओदादा म्हणाला.

"सांभाळायचंच होतं, तर जुलैच्या चाचणीत गप्प बसायचं होतं तिनं. तेव्हाच चूक कळली असती."

"तिला काय माहीत कुठली चाचणी. आपल्या टेबलावर बुडबुडा दिसला, तिनं वाजवलं."

पेइरोंग विज्ञान शिकलेली मुलगी. तिनं तारा तपासल्या, टेबल उलटं करून पाहिलं, जुन्या फाईलचा अंश मेमरीत राहिलाय का तेही पाहिलं. नव्हता.

आता चाचणी खिडकीपाशी होते. फांगताईचं टेबल हलवलंय. कुठे हलवलं, ते तिनं मला सांगितलं नाही.

पंप वाजला, की बाकीचे निवांत होतात. पेइरोंग मात्र यादी उघडते आणि ते नाव शोधते, मनातल्या मनात. ते सापडतं. तुकडा आत असतो. सगळं बरोबर असतं.

तरीही ती यादी पुन्हा वाचते, खालून वर.

कारण वाजलं, एवढंच तिला कळतं...

कोणी वाजवलं, ते ऐकून कळत नाही.