रिकाम्या सीटचं वजन

‘कुठलीही कापाकापी न करता बसतात,’ असं शॉकअपच्या खोक्यावर सहा भाषांत छापलं होतं. सहाही भाषांत ते धडधडीत खोटं होतं. वेंडेलिन क्रॉइट्स सकाळपासून गाडीखाली आडवा पडून ते खोटं निस्तरत होता. पुढच्या डाव्या शॉकअपचं खालचं भोक बोल्टाला जुळेना. ते जुळवावं तर वरचं टोक जागा सोडी. ब्रेकची नळी अडकवायची पट्टी भलत्याच उंचीवर. शेवटी त्याने कानस घेतली आणि पट्टी घासता घासता ती बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

“हळू बोल रे,” गॅरेजच्या दारातून त्याची बायको गुडुला म्हणाली. हातात कॉफीचे दोन कप होते. “क्लासेनबाई कुंपणाला कान लावून बसल्यात.”

“बसू दे! आज शनिवार आहे. उद्या रविवारी, शांतता पाळायच्या दिवशी, हातोडा उचलला तर बोलायचं त्यांनी. आज माझं तोंड, माझं गॅरेज.”

गाडी छोटी, लाल, दोन सीटांची, उघडणाऱ्या टपाची. जर्मनीतल्या आयफेलच्या या डोंगरात निम्म्या घरांत अशी गाडी असते, कारण शर्यतीचा रस्ता जंगलापलीकडेच आहे. पण वेंडेलिनला शर्यत नको होती. जुने शॉकअप दगडासारखे कडक होते, आणि एप्रिलमधल्या ऑपरेशनपासून गुडुलाच्या पाठीला साधा खड्डाही सोसत नव्हता. तिला आल्प्सचा घाट चढायचा होता, टप उघडा टाकून, लग्न झाल्यावर दोघं गेले होते तसा. “जायचं तर आत्ताच जा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “हिवाळ्याची वाट बघू नका.” का बघायची नाही, ते दोघांनीही विचारलं नव्हतं. सोमवारी तपासनीस नवे शॉकअप बघून गाडीच्या कागदांवर शिक्का मारणार, मंगळवारी निघायचं. शिक्क्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची सोय नव्हती, आणि वाकडी गाडी बघून तो माणूस शिक्का मारणार नव्हता.

दुपारपर्यंत चारही शॉकअप कसेबसे बसले. वेंडेलिनने जॅक काढला, गाडी चाकांवर आली, आणि उजवीकडे कलली. फार नाही, बोटभर.

“घ्या! आता हे!” तो ओरडला.

उजव्या स्प्रिंगखालची चकती फिरवून त्याने ती बाजू उचलली, टेप लावून बघितलं, समाधानाने हात धुतले. बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज खाऊन परत येतो तो गाडी पुन्हा कललेली. त्याने डावे शॉकअप उजवीकडे घातले, उजवे डावीकडे. स्प्रिंगा बदलल्या. गाडी कलली ती उजवीकडेच. कंपनीच्या मदतीच्या नंबरावर एका पोराने गोड आवाजात विचारलं, “आपली फरशी सपाट आहे ना?”

“फरशी? अरे, ही फरशी मी स्वतः पाणसळ लावून ओतलीय! तू जन्मला नव्हतास तेव्हा!” वेंडेलिनने फोन आपटला.

आवाज ऐकून शेजारचा ऑटमार आलाच. दोघांनी मिळून या गल्लीत पाचपन्नास गाड्या उघडल्या होत्या आणि तेवढीच भांडणं केली होती. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, मिशीतल्या मिशीत हसला.

“हवेतच आवळलेस ना बोल्ट?”

गावात याहून मोठी शिवी नव्हती. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले, की आतली रबरं पिळलेली राहतात आणि गाडी वाकडी बसते. म्हणून गाडी आधी चाकांवर उभी करायची, बसणाऱ्यांचं वजन सीटवर द्यायचं, आणि मगच पाना लावायचा. हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं.

“तुझ्या बापाला जाऊन शिकव,” वेंडेलिन म्हणाला.

“बाप गेला. तुलाच शिकवतो. सोड सगळे, परत आवळू.”

त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून वेंडेलिनने सगळे बोल्ट सैल केले. स्वतःच्या, डावीकडच्या स्टिअरिंगमागच्या सीटवर बटाट्यांची पोती रचली आणि तो गाडीखाली सरपटला. शेजारच्या, उजव्या सीटवर गुडुला बसली.

“नीट टेकून बस गं!”

“टेकलेय. आणखी काय करू, झोपू?”

बोल्ट आवळून झाले. पोती काढली, गुडुला उतरली. डावी बाजू वर आली. उजवीही आली, पण पूर्ण नाही.

ऑटमारने टेप लावली, कपाळाला आठी घातली, आणि स्वतः त्या सीटवर बसून उतरला. टेप होती तिथेच. “गुडुला, तू पुन्हा एकदा बस बरं.” ती बसली, उतरली. गाडी आणखी केसभर खाली राहिली.

“रबर नवं आहे, दबतंय,” वेंडेलिन म्हणाला.

“मी तुझ्या बायकोच्या दुप्पट आहे. माझ्याने का नाही दबलं?”

“मला काय विचारतोस? त्या चोरांना विचार, सहा भाषांत!”

ऑटमार क्लबातून शर्यतीच्या गाड्यांचा काटा घेऊन आला. चार चाकांखाली चार पाट, आणि आकडे दाखवायला एक छोटा पडदा. गाडी रिकामी होती. डिकीत पानासुद्धा नव्हता. तरी उजवी बाजू अकरा किलोंनी जड भरली. दोघांनी पाट अदलाबदल केले. अकराच.

“अकरा?” गुडुला हसली. “एप्रिलपासून माझे तेवढेच गेलेत. डॉक्टरीणबाई विचारत होत्या कुठे गेले म्हणून. सापडले एकदाचे!”

वेंडेलिनही हसला. ऑटमार हसला नाही.

“मी जरा पडते बागेत,” ती म्हणाली. “आज फार थकल्यासारखं झालंय. आणि भांडू नका रे.”

ती गेल्यावर वेंडेलिनचा पारा चढला. मंगळवार तोंडावर आला होता, आणि हे डबडं नखरे करत होतं. “सीट काढतो! सीटमध्येच काहीतरी असणार. कुणी शिसं भरलं असेल!” त्याने चार बोल्ट काढले, सीट उपसून दारात आणून टाकली, हाताने चाचपली. फोम, पत्रा, धूळ.

“सीटचं वजन गेलं,” ऑटमार पडद्याकडे बघत म्हणाला. “अकरा तिथेच आहेत.”

“कुठे तिथेच? तिथे आता सीटच नाही!”

“नाही ना.”

वेंडेलिन वाकून बघू लागला. उघडा पत्रा, चार भोकं, एक जुनी केसांची पिन. तिथे हात फिरवायचा धीर त्याला होईना, आणि त्याचाही त्याला राग आला.

“बारा,” ऑटमार म्हणाला.

“हात लावलास तू.”

“मी इथे आहे. तेरा झाले.”

“बंद कर ते! बिघडलाय तुझा काटा!”

ऑटमारने काटा बंद केला, पुन्हा लावला. पंधरा.

उजवी स्प्रिंग बारीकशी कुरकुरली. मडगार्ड चाकाकडे उतरत होतं, सावकाश, कुणीतरी जपून बसत असल्यासारखं.

“वेंडेलिन,” ऑटमार हळूच म्हणाला, “गुडुला कुठेय?”

तो धावलाच. नासपतीच्या झाडाखाली ती पट्ट्यापट्ट्यांच्या कापडी आरामखुर्चीत झोपली होती. छाती वरखाली होत होती. गाल उन्हाने गुलाबी दिसत होते. त्याला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

“गुडुला,” त्याने हाक मारली. “अगं, ऊठ. घरात चल.”

डोळे न उघडता ती हसली. “निघायचं?” तिने विचारलं.

“नाही. अजून नाही. थांब जरा.”

गॅरेजातून ऑटमार चढते आकडे ओरडत होता. ते वेंडेलिनला ऐकू येत होते, पण तो खुर्चीकडे बघत होता. बसलेल्या माणसाखाली त्या कापडाला झोळ पडतो. तो झोळ एकेका पट्टीने वर येत होता. चुण्या जात होत्या.

ती शांत श्वास घेत होती, आणि तिच्याखालचं कापड सरळ, ताठ झालं होतं.