साक्षीदाराचं विरजण

ओतूरजवळच्या कुक्कुटसंघात कोंबड्यांची तपासणी करणाऱ्या पार्वताबाई डुंबरे रोज सकाळी आधी साक्षीदाराची खबरबात घ्यायच्या आणि मग कोंबड्यांची. साक्षीदार म्हणजे एक जिवाणू. माणसाला न बाधणारा, पण औषधाला मुळीच दाद न देणारा. तपासणीच्या पेटीत दोन वाट्या असत, दोन्हींत तेच प्रतिजैविक. एकीत साक्षीदार, दुसरीत कोंबडीवरचे जंतू. दोन तासांत साक्षीदाराची वाटी गढूळ झाली, की तपासणी खरी धरायची. दुसरीही गढूळ झाली, तर जंतू औषधाला पुरून उरले आणि माल बाद.

त्या मंगळवारी साक्षीदाराची वाटी नितळच राहिली. साक्षीदार मेला होता.

दर सोमवारी प्रयोगशाळेतून आलेली साक्षीदाराची नवी कुपी फोडायची आणि जुनं वाण नष्ट करायचं, असा नियम. पण तीस वर्षं घरात एकच विरजण जपलेल्या बाईला जिवंत वाण टाकून देववेना. दोन वर्षं त्या कालच्यातलाच थेंब आजच्या साध्या, बिनऔषधाच्या पोषक पाण्यात लावत होत्या. फ्रीजमध्ये शंभर कुप्या साठल्या होत्या, आणि बाईंना त्याचा अभिमानही होता.

त्यांनी घाईघाईनं नवी कुपी फोडली. दोन तासांत वाटी गढूळ. म्हणजे खोट त्यांच्याच विरजणात होती. जुनं गुपचूप ओतून टाकलं असतं, तर नोकरी शाबूत राहिली असती.

पण घरी त्यांचा नवरा दगडू पायाची जखम घेऊन आठ महिने खाटेवर होता. त्या जखमेतले जंतूही कुठल्याच औषधाला बधत नव्हते. पट्टी बदलताना तो म्हणायचा, "तुझा हात लई हलका हाय गं." त्या बोलण्यानं बाईंचा जीव तुटायचा. आणि आज औषधाला दाद न देणारा एक जंतू त्याच औषधानं मेलेला त्यांनी पाहिला होता.

त्यांनी प्रयोगशाळेच्या डॉ. निलोफर काझींना फोन करून बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं.

काझी मॅडमनी वाटी उजेडात धरून पाहिली. "ताई, औषधाशी लढायचं हत्यार होतं याच्याकडे. दोन वर्षं लढाईच नाही, मग ते ओझं यानं टाकून दिलं." त्यांनी वाटी खाली ठेवली. "मला हे वर कळवावं लागेल. तुमचं काम राहील की नाही, सांगता येत नाही."

"कळवा," पार्वताबाई म्हणाल्या. "पण मॅडम, यानं टाकलं, तसं आमच्या ह्यांच्या पायातल्यांना टाकायला लावता येईल का?"

नियमानं ते जुनं विरजण तिथंच नष्ट करायचं होतं. काझी मॅडमनी ते झाकलं, जपून बर्फाच्या डब्यात ठेवलं, जखमेतला नमुना घ्यायला एक रिकामी कुपी उचलली आणि विचारलं, "तुमचं घर इथून किती लांब आहे?"