गाडग्यातल्या तुरी

"माह्या मंडळात चोरी झाली," खुशालराव म्हणाले, "आन् चोरीले गेली ती मतं."

अमरावतीच्या राजापेठेतल्या माडीवर खासगी तपासाचा धंदा चालवणाऱ्या पुंजाजी तायड्यांनी हातातला अडकित्ता बाजूला ठेवला.

"मतं कशी चोरीले जातीन?" त्यांचे सोबती किसनराव म्हणाले. किसनरावांचं डोकं सावकाश चालतं पण थांबत नाही, असं पुंजाजी कौतुकाने सांगत.

खुशालराव बेघर सल्लागार मंडळाचे अध्यक्ष. शहरातला निवारा कसा चालावा, याचा सल्ला हे मंडळ नगरपालिकेला देई. पण ज्याला घर नाही त्याला सभासद होता येत नसे. बेघरांच्या मंडळात एकही बेघर नाही, हे खुशालरावांना कित्येक वर्षं खात होतं. म्हणून त्यांनी नवे नियम केले. निवाऱ्यात झोपणाऱ्यांतले दोघे सभासद होतील आणि मुदत संपली की अध्यक्ष खुर्ची सोडील. मंडळाने ते नियम आज मंजूर केले, तरच उद्या नगरपालिकेपुढे जाणार होते.

काही सभासदांना लिहिता येत नव्हतं, काही जण रामराव या सभासदाचे भाडेकरू होते. म्हणून गुप्त मतदान, तेही दाण्यांनी. होकाराला सरकी, नकाराला तूर. पडद्याआडच्या वाडग्यातून दाणा उचलायचा आणि गाडग्यात टाकायचा. मग सगळे चहाला ओसरीवर गेले. परत येऊन गाडगं उपडं केलं, तर सरकी औषधालाही नाही.

"चौघांनी मले शपथेवर सांगतलं का आमी सरकी टाकली," खुशालराव म्हणाले. "पुंजाजी, माही नजर जात चालली. त्याआधी निवाऱ्यातल्या माणसाले मंडळात बसलेलं पाहू द्या मले."

निवाऱ्याच्या बैठकीच्या खोलीत गाडगं तसंच झाकून ठेवलं होतं. पुंजाजींनी दाणे टेबलावर ओतले.

"आठ," किसनरावांनी मोजलं. "सात सभासद आन् एक अध्यक्ष. हिशेब जुळला."

पुंजाजींनी एक तूर चिमटीत फिरवली आणि बोटं रुमालाला पुसली. मग गाडग्याच्या बुडातून कापसाचा बारीक तंतू नखाने काढला.

"म्हणजे आत सरकी होती," ते म्हणाले. "चहाच्या वेळी इथं कोन आलं?"

तिघं आली होती. रामराव विसरलेली टोपी घ्यायला, चिटणीस शालिकराम कागद आवरायला, आणि निवाऱ्यातच राहून स्वयंपाक करणारी मनकर्णा झाडायला.

रामराव आढेवेढे घेणाऱ्यांतले नव्हते. "मी तूर टाकली, तोंडावर सांगतो. ज्याले घर नाई त्यानं सल्ला काहून द्यावा? पन चोरी मी नाई करत. खुशालराव तं मत बी टाकत नाईत. सारखी मतं पडली तरच अध्यक्षाचं मत, हा नियम त्यायचाच. अशा मानसाले मी सरळच हरवीन."

शालिकरामांनी कपाट उघडून मतदानाचं वाडगं दाखवलं. तुरीचे कोरडे दाणे खुळखुळले. "मतं पडली का वाडगं कुलपात. आमची शिस्त हाय."

"आन् गाडगं?"

"ते सगळ्यायच्या नजरेसमोर राहावं म्हनून बाहेर."

"आन् सगळे चहाले," पुंजाजी म्हणाले. शालिकराम चष्मा पुसू लागले.

मागच्या अंगणात मनकर्णा डाळ पाडण्यासाठी तुरीला तेल चोळत होती. पुंजाजींनी विचारलं, "बाई, तुमी इथं कशा आल्या?"

"मालक वारले. खोलीची मुदत संपली तं सामान रस्त्यावर आलं. पोरीले घेऊन बडनेऱ्याच्या टेसनावर पडली होती. खुशालदादानं आनलं. पोरगी आता साळंत जाते." तिचा हात चालूच होता. "मले सभेतलं काई कळत नाई. मी आठ जनाले चहा देल्ला, बस."

पुंजाजींनी सर्वांना बैठकीत बोलावलं.

"लबाड मानसानं दोन-तीन सरक्या ठेवल्या असत्या, कोनाले संशय आला नसता. इथं एकही नाई. म्हणजे काम लबाडाचं नोहे. दुसरं, मतं टाकली सात जनांनी, तुरी निघाल्या आठ."

"अरे, अध्यक्षाले मतच नाई," किसनराव पुटपुटले.

"हे रामरावाले ठाऊक, शालिकरामाले ठाऊक. ज्यानं ओसरीवरची माणसं मोजली, त्यालेच ठाऊक नव्हतं. तिसरं, वाडग्यातली तूर कोरडी, ती कुलपात गेली होती. गाडग्यातल्या तुरीले तेल लागलं हाय."

मनकर्णाने पदर तोंडाला लावला. "मीच केलं. कागद वाचताना आयकलं, मुदत संपली का दादाले काहाडतीन. मुदत संपली म्हंजे काय होते, मी भोगलं हाय. ज्यानं मले छप्पर देल्लं, त्याले कसं काहाडू देऊ?"

खुशालराव उठून तिच्यापाशी गेले.

"मनकर्णा, घर माहं शाबूत हाय. फक्त खुर्ची सोडतो. आन् त्या दोन जागांतली एक तुह्यासाठी मागून राहिलो होतो. माह्यासाठी एवढं कोनं केलं नाई, बाई. पन उपकार फेडाचे असतीन तं मी चुकलो का तोंडावर सांगत जाय."

गाडगं धुऊन पुन्हा मतं पडली. पाच सरक्या, दोन तुरी. एक तूर आपली असल्याचं रामरावांनी लगेच सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेनेही नियम मान्य केले.

नव्या मंडळाच्या पहिल्या बैठकीला पुंजाजी आणि किसनराव पाहुणे म्हणून गेले. साधे सभासद झालेल्या खुशालरावांनी ठराव मांडला की, साफसफाईसाठी निवारा दिवसभर रिकामा ठेवावा. माना डोलल्या. मनकर्णा उठली, बसली, पुन्हा उठली.

"दादा, तापानं फणफणलेल्या मानसानं दिवसा कुठं पडावं?"

हात वर झाले. ठराव पडला. विरोधातल्या हातांत रामरावांचाही एक हात होता.

खुशालराव धोतराच्या सोग्याने डोळे टिपत होते. किसनरावांना वाईट वाटलं. "हरले बिचारे," ते हळूच म्हणाले.

खुशालरावांनी ते ऐकलं. "किसनराव," ते म्हणाले, "यासाठीच तं एवढे दिवस थांबलो होतो."