रिकामी न राहणारी टाकी

ही घटना खरी आहे.

जिच्या बाबतीत ती घडली ती निधी माझी मामेबहीण. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. लग्नाच्या पंगतीत यजमानांच्या तोंडावर "मठ्ठा आंबलाय" असं सांगणारी मुलगी. खोटं बोलायचे कष्ट ती कुणासाठीच घेत नाही.

आणि भुताखेतांच्या या पानावर एरवी जे असतं ते यात नाही. अमावास्या नाही. पिंपळ नाही. पांढरी साडी तर नाहीच. असल्या गोष्टी वाचणाऱ्यांची निधीला कीव येते. लिहिणाऱ्यांना ती माणसांत धरत नाही. मी हे लिहितेय हे तिला माहीत नाही.

वेळ रात्रीचीसुद्धा नाही. भर दुपार. गेल्या डिसेंबरातली. जागा चेन्नई, गिंडीची इंडस्ट्रियल इस्टेट.

तिथे पुष्करची शेड आहे. पुष्कर मूळचा पुण्याचा. आपण शिंकलो तरी ती देशातली पहिली शिंक, अशा थाटात वावरणारा. तो मोटरहोम बांधतो. म्हणजे लांब व्हॅनमध्ये पलंग, ओटा, संडास बसवून चाकांवरचं घर तयार करतो. निधी त्याच्याकडे चाचण्या घ्यायची. तिने होकार दिल्याशिवाय गाडी शेडबाहेर पडत नसे.

ही गाडी होती जयतीर्थ यांची. मैलापूरचे, तंजावर मराठी, बँकेतून निवृत्त झालेले. जन्मात कधी स्वेटर न घातलेला हा माणूस बायकोला, विशालाक्षीबाईंना, घेऊन जानेवारीत स्पितीला निघाला होता. बर्फात मुक्काम करायला. गाडी पुष्कर स्वतः चालवणार होता, कारण त्याला व्हिडिओ करायचे होते.

निधीच्या मते तिघांनाही अक्कल बेताचीच होती. पण तिघं जिवंत परत येणं ही तिची जबाबदारी होती.

आणि ते सगळं एका गोष्टीवर अवलंबून होतं. पाण्याची टाकी.

पाणी गोठलं की फुगतं. टाकी फुटते. ही टाकी होती पलंगाखाली. तिच्या शेजारी बॅटरी. त्या बॅटरीवर हीटर. टाकी फुटली की हीटर गेला. बाहेर उणे वीस. साठी ओलांडलेलं जोडपं सकाळ बघणार नाही.

म्हणून नियम साधा होता. हीटर चालू आहे तोवर टाकीला धोका नाही. हीटर बंद करायचा असेल तर आधी टाकी पूर्ण रिकामी करायची.

निधीने हे समजावलं तेव्हा जयतीर्थ तिच्याकडे बघतच राहिले.

"भरलेलं पाणी ओतून टाकाचं?" ते म्हणाले. "कशाला म्हणून?"

निधीने पुन्हा सांगितलं. शाळेतल्या पोराला सांगावं तसं. त्यांनी मान हलवली, पण चेहरा असा की जणू कुणी त्यांना ताटातला भात गटारात टाकायला सांगितलाय.

मग विशालाक्षीबाईंनी तिला बाजूला घेतलं. त्यांच्या सासूबाई, अन्नपूर्णाबाई, आदल्या वर्षी गेल्या होत्या. त्यांचा जन्म पाणी भरण्यात गेला. गल्लीत पाण्याची लॉरी आली की कमरेवर कुडम, म्हणजे घागर, घेऊन त्या सगळ्यांच्या पुढे. घरात रिकामं भांडं त्यांना खपत नसे. ओरडायच्या नाहीत. जीभ टाळूला लावून फक्त एकदा 'च्च' करायच्या. तेवढ्याने जयतीर्थ उठून भांडं भरायला धावत. बँकेत मॅनेजर झाल्यावरसुद्धा.

गाडीच्या पूजेला टाकीतलं पहिलं पाणी याच अन्नपूर्णाबाईंच्या पितळी कुडमाने ओतलं गेलं. जयतीर्थांनी हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "आई, हे तुझंच घर. तूच भर."

निधी मोबाइलमध्ये डोकं घालून हा मूर्खपणा संपायची वाट बघत होती.

मंडळी गेल्यावर तिने टाकी रिकामी केली. खालचा कॉक पुन्हा घट्ट बंद केला. घरी गेली.

सकाळी टाकी भरलेली होती.

काठोकाठ.

तिने पुष्करला झापलं. त्याने आईची शपथ घेतली. निधीने त्याला सांगितलं की शपथेला मोजमाप नसतं. टाकी पुन्हा रिकामी केली, गाडीला कुलूप लावलं आणि चावी टी. नगरला आमच्या खोलीवर घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी कुलूप तसंच. टाकी... भरलेली.

कुणीतरी दुसरी चावी केली आहे, असा निष्कर्ष तिने काढला. तो योग्यच होता. मीही तोच काढला असता.

आता ती दुपार.

इस्टेटमध्ये मासळी परदेशी पाठवणाऱ्या एकाचं कोल्ड स्टोरेज आहे. ट्रक आत जाईल एवढं दार. हिवाळी चाचणीसाठी पुष्करने ते भाड्याने घेतलं होतं. निधीने सगळ्यांसमोर टाकी रिकामी केली. आत हात फिरवून फडक्याने कोरडी पुसली. तापमान मोजायची तार टाकीत सोडली आणि तिचं दुसरं टोक दाराच्या फटीतून बाहेर आणलं. गाडी आत. हीटर बंद. दार बंद. आत कुणीही नाही.

बाहेर घामाच्या धारा. पुष्कर चहा आणायला गेलेला. निधी यंत्राच्या आकड्याकडे बघत बसली.

शून्य. उणे पाच. उणे अकरा.

कोरडी टाकी थंड होत होती. होणारच.

उणे सोळा... उणे सतरा...

मग आकडा वर चढायला लागला.

उणे दोन.

बारा.

एकोणतीस. तिथे तो थांबला.

निधीने यंत्रावर टिचकी मारली. तार काढून पुन्हा जोडली. एकोणतीस. चेन्नईच्या नळाला डिसेंबरात जेवढं कोमट पाणी येतं तेवढं.

जाड कोट चढवून ती आत गेली.

जमिनीवर हिमाचा पातळ थर धरला होता. पिठासारखा. त्यावर गाडीच्या चाकांच्या रेघा होत्या. पावलं कुठेच नव्हती. निधीने ते नीट बघून घेतलं. तिला सवय आहे.

गाडीचं दार उघडलं आणि तिला आवाज ऐकू आला.

पाणी ओतल्याचा.

नळाची धार नव्हे. कुणीतरी घागर कमरेवरून कलती करून ओतावी तसा. आधी भदाभदा... मग बारीक... मग थेंब.

मग शांतता.

आणि पुन्हा. दुसरी घागर.

ती पलंगाजवळ पोचली तेव्हा आवाज थांबला. तिने फळी उचलली, टाकीचं झाकण काढलं. टाकी काठोकाठ भरलेली. पाण्यावर वाफ. हातमोजा काढून तिने बोट बुडवलं. कोमट.

ती तिथे उभी राहून हिशेब करत होती. एवढ्या थंडीत एवढं पाणी अजून कोमट आहे, म्हणजे ते नुकतंच भरलंय. नुकतंच भरलंय, म्हणजे भरणारा अजून...

तिच्या डाव्या कानाशी, अगदी जवळ...

"च्च."

निधी मला म्हणाली, त्यात राग नव्हता. धमकी नव्हती. तुच्छता होती. "मी लोकांकडे बघते ना, अगदी तशी."

ती बाहेर आली. पुष्कर चहा घेऊन उभा होता. तिने त्याला घडलं तेवढं सांगितलं, तर तो हसत सुटला. फिशवाल्यांच्या गॅसने तुझ्या डोक्यावर परिणाम झाला म्हणाला. तिने त्याचा चहा घेतला नाही.

जयतीर्थांना मात्र सांगावं लागलं. ते घाबरतील आणि बेत रद्द करतील, अशी तिला आशा होती.

त्यांचे डोळे भरून आले. आनंदाने.

"आई आली," ते म्हणाले.

असल्या माणसापुढे काय बोलणार? निधीने ड्रिल घेतलं आणि टाकीच्या बुडाला भोक पाडलं. मूठ जाईल एवढं. आता ओता म्हणावं किती ओतायचं ते. प्यायचं पाणी हीटरजवळ कॅनमध्ये ठेवायचं ठरलं. पुष्कर नव्या टाकीच्या नावाने बोंबलत राहिला. टाकी गोठून फुटण्याचा प्रश्न मात्र मिटला. निधीने होकार दिला.

गाडी निघाली त्या सकाळी मैलापूरच्या त्या गल्लीत दारोदारी मार्गळी महिन्याचे मोठे कोलम, म्हणजे रांगोळ्या, काढलेले होते. जयतीर्थ पुढच्या सीटवर नव्या टोपीत बसले होते. विशालाक्षीबाई निधीजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या,

"भोक पाडलात तुम्ही. ती आता कुठं ओतेल?"

निधी हसली. तिरकं. तिचं ते हसू मला माहीत आहे.

पुष्करचे फोन येत राहिले. पहिल्यांदा फोन आला तेव्हा तो खिदळत होता. सकाळी उठलो तर ओट्यावरचे सगळे पेले भरलेले, म्हणाला. म्हातारा मस्करी करतोय. नंतर कढई. नंतर बादली. मग विशालाक्षीबाईंची चष्म्याची डबी. मग त्याचे स्वतःचे बूट. त्या दिवशी तो खिदळला नाही.

हिमाचलात चढल्यावर भरलेली भांडी गोठायला लागली. तो रोज ती ठोकून बर्फ काढायचा. निधी फोनवर सांगायची, तिथूनच मागे फिरा. तो म्हणायचा, काका ऐकत नाहीत. काका खुशीत आहेत. फक्त थोडा खोकला आहे.

मग स्पितीतून एका सकाळी फोन आला. पुष्करचा आवाज एकदम मोकळा होता. आज सगळं कोरडं आहे म्हणाला. पेले, बादली, बूट, सगळं. एक थेंब नाही. सुटलो.

निधीने विचारलं, "काका उठले का?"

तो बघायला गेला.

फोन चालूच होता. पलीकडे आधी त्याच्या पावलांचा आवाज... मग विशालाक्षीबाईंचं रडणं.

डॉक्टरांनी सांगितलं, फुफ्फुसांत पाणी झालं होतं. उंचावर विरळ हवेत असं होतं. वय, दमछाक, खोकल्याकडे दुर्लक्ष. अनेकांना होतं. पुस्तकात आहे.

निधीलाही ते आधीपासून माहीत होतं. तिने मला सगळी प्रक्रिया समजावून सांगितली. रक्तवाहिन्यांवरचा दाब, पाझरणारा द्रव, सगळं. यात न समजण्यासारखं काही नाही, असं ती म्हणते. पुष्करची नोकरी तिने सोडली. विशालाक्षीबाईंना भेटायला मात्र अजून गेलेली नाही.

परवा आम्ही जेवत होतो. मी दुसरंच काहीतरी बोलत होते. मध्येच घास हातात धरून ती म्हणाली, माणसाची फुफ्फुसं कधीच पूर्ण रिकामी नसतात. कितीही श्वास सोडला तरी आत थोडी हवा उरतेच.

मी काही विचारलं नव्हतं.

तिने ते पुन्हा एकदा सांगितलं.