सोळाशे बाराच्या पुढे

थोरलीच्या कॉम्प्युटरचं आता काही खरं नव्हतं. चालू केला की जात्यासारखा घरघरायचा, आणि पडदा उजळेपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हायचा. म्हणून त्या दुपारी धाकटीने कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. बाबा रे, हा मरायच्या आत यातलं सगळं त्या नव्या कॉम्प्युटरात घाल.

दोघी बहिणी सुइणी. चार खाटांचं प्रसूतिघर दोघींनी मिळून चालवलं. थोरली जाऊन वर्ष झालं, तेव्हापासून धाकटीने एकटीने एकही बाळंतपण केलं नव्हतं. बाई दारात आली की हिचा डॉक्टरीणबाईंना फोन. हातच धजत नसत.

थोरलीची पद्धत न्यारी होती. कॉम्प्युटरात एका बाळाला एक फाईल. कळा लागल्या की फाईल उघडायची, बाळ रडलं की वेळ टाकून मिटायची. जुळं असलं तर दोन फायली. "ज्याचं तिकीट त्याला!" म्हणायची. नावं तिच्या ध्यानात राहत नसत, म्हणून फाईलवर घरचा धंदा लिहायची. कॉम्प्युटर येण्याआधीची बाळंही तिने जुन्या वह्यांतून त्यात उतरवली होती.

"सोळाशे बारा आहेत, मावशी," वायर जोडून कॉम्प्युटरवाला म्हणाला. "बाप रे, एवढी पोरं!"

"त्यातला एक तू. सगळ्यांत रडका."

तो हसतोय तोच दारात पाववाल्याची बायको. पंधरा दिवस आधीच कळा. पोट चांगलंच मोठं, पण पाववाल्याच्या घरचं खाणं म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. धाकटीने फोन लावला. डॉक्टरीणबाईंना पोचायला दीड तास.

"मावशी, तुम्हीच आहात ना?" खाटेवरून तिने विचारलं.

"आहे गं, आहे," धाकटी म्हणाली, आणि थरथरणारे हात पदराआड लपवले.

पाणी उकळायला ठेवून ती वळते तो पलीकडच्या खोलीतून हाक आली. हलकीच.

"मावशी... जरा येता?"

"आता काय?"

"नव्यात सोळाशे चौदा आल्यात."

"मोजायला चुकला असशील."

"तीनदा मोजल्या..."

खोलीत निलगिरीच्या तेलाचा वास होता. थोरली हातांना चोळायची ते. बाटली तर कधीच फेकून दिली होती. धाकटी वाकून वाचू लागली. फाईलवर लिहिलेलं: पाववाली. तारीख आजची. मुलगी, चार वाजून दहा मिनिटं, सुखरूप. खालच्या फाईलवरही पाववाली. मुलगा. पायाळू. आणि पुढे: ओढू नकोस गं वेडे. हात बाजूला ठेव, त्याचा तो येईल. चार एकतीस.

भिंतीवर चारला पाच कमी होते.

धाकटीच्या अंगावर काटा आला. पण गंमत पाहा, हातांची थरथर तिथल्या तिथे थांबली. वर्षभरात पहिल्यांदा तिला कुणीतरी वेडे म्हटलं होतं.

मुलगी चार दहाला आली, घर डोक्यावर घेतच. मग खरंच दोन इवले पाय दिसले. पाववाली किंचाळली, "ओढा ना हो!"

"नाही ओढायचं. येतोय तो. आपल्या चालीने येतोय..."

धाकटी हात आवरून बसली. तेवढा वेळ तिला आख्ख्या वर्षाएवढा वाटला. आणि चार एकतीसला बेटा असा रडला की पाववाला बाहेर नाचायलाच लागला. "दोन! अहो, दोन!" म्हणत रस्त्याने जाणाऱ्यांना थांबवून सांगू लागला.

हात धुऊन, हसत, डोळे पुसत धाकटी पलीकडे आली. कॉम्प्युटरवाल्याने वायर केव्हाच गुंडाळली होती. जुना बंद होता. तो नव्यासमोर उभा, पांढराफटक.

"सोळाशे पंधरा, मावशी."

नव्या फाईलवर लिहिलं होतं: कॉम्प्युटरवाली. तारीख आठ महिन्यांनंतरची. त्याच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि घरात पाळणा नव्हता.

त्याने घरी फोन लावला. बायकोला सरळच विचारलं. पलीकडून हसू आणि रडू एकदमच. "अहो, मला आज सकाळीच कळलं... अजून कुणालाच बोलले नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्याने टेबलाचा कोपरा घट्ट धरला. तरी उभं राहवेना. आणि दोघांच्या देखत, कुणी बटणांना हात लावलेला नसताना, फायलीत पुढची ओळ एकेका अक्षराने उमटू लागली:

बापाला खुर्ची दे.