डाव्या तळव्याची हळद

"ती मुलगी आज या घरात राहणार नाही!"

सिडनीच्या स्कोफिल्ड्स उपनगरातल्या त्या नव्या घराच्या दारातच डॉक्टर राजीवचा आवाज चित्रलेखाच्या कानावर आदळला. खासगी तपास हा तिचा व्यवसाय. तिच्यामागे नोंदवही सावरत हृषिकेश उभे होते. ते निवृत्त ग्रंथपाल. परक्या घरातलं भांडण ऐकलं की आपणच काही चूक केली आहे असं त्यांना वाटे.

चित्रलेखाला बोलावलं होतं राजीवच्या बायकोने, श्यामलाने.

"आधी गाडी बघू," चित्रलेखा म्हणाली.

रस्त्यापलीकडे शेजाऱ्याच्या विटांच्या लेटरबॉक्सवर नाक फोडून लाल कॉर्व्हेट उभी होती. साठ वर्षांची अमेरिकन स्पोर्ट्स कार. फायबरच्या ठिकऱ्या गवतात पसरल्या होत्या.

हृषिकेश उजव्या दाराशी गेले आणि आत वाकले. समोर नुसता कप्पा. ते ओशाळले आणि मुकाट्याने वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेले. गाडी न्यूट्रलमध्ये होती. गियरच्या गोळ्यावरचा हळदीचा लेप फिस्कटला होता.

"हळद मी लावली, एका बोटाने," श्यामला म्हणाली. "स्टिअरिंगला हे लावू देईनात. जुनं आहे म्हणे."

"फोटो बघून पर्थहून घेतली," राजीव गुरगुरला. "काल ट्रकने आली. आज दोन वाजून दहाचा मुहूर्त होता, तोवर मी आत बसलोसुद्धा नाही! अकराला पूजा झाली. आम्ही मागे जेवत होतो. एक वाजता धडाका ऐकू आला. चाकांखालची लिंबं चिरडलेली, गाडी इथे, आत कुणी नाही. आणि ईशानी बाथरूममध्ये हात घासतेय!"

ईशानी ही राजीवची पुतणी, युनिमध्ये पीएचडी करणारी. बॅग भरून ती हॉलमध्ये बसली होती.

"हात दाखवशील?"

तिने डावा तळवा उघडला. पिवळाधमक. उजवा स्वच्छ.

"तू चालवलीस?"

"नाही."

"मग कुणी?"

ईशानीने तळवा मिटला.

"गप्पच बसणार!" सोफ्यावरून चंद्रहास म्हणाला. तो राजीवचा पुण्यापासूनचा मित्र आणि ईशानीचा पीएचडीचा गाइड. जाकिटाच्या खिशात हात घालून तो ऐसपैस बसला होता. "गियर आपण कुठल्या हाताने टाकतो, बाई? डाव्याच ना? सरळ आहे सगळं."

"तुम्ही कुठे होतात?"

"मागच्या कुंपणाशी, फोनवर. आणि ही गाडी आधी मी शोधली होती, हेही लिहून घ्या. याला दाखवली, तर यानेच परस्पर उचलली."

"तू महिनाभर घोळ घालत बसलास!" राजीव कडाडला.

राजीवचा मुलगा सोहम दाराला टेकून उभा होता. "मी नाही हं, मेट. आय वॉज ऑन द बार्बी. आईला विचारा."

"बार्बेक्यूवरची सॉसेज करपवली यानेच," श्यामला म्हणाली आणि पेढ्यांचं ताट घेऊन आली. पूजेचा प्रसाद चुकवायचा नाही, हा तिचा नियम. सोहमने पेढा घेऊन बोटं चाटली. चंद्रहासने डावा हात पुढे केला.

"अहो भावजी, प्रसाद आहे!"

"हो हो, चालतंय, वहिनी. द्या."

चित्रलेखाने पेढा संपवला. "हृषिकेश, मघाशी उजव्या दाराशी काय शोधत होतात?"

हृषिकेशचे कान तापले. ही फजिती त्यांनी वहीतसुद्धा लिहिली नव्हती. "स्टिअरिंग."

"सापडलं?"

"पलीकडे होतं. डाव्या बाजूला."

"अमेरिकन गाडी! चालवणारा डावीकडे बसतो, गियर त्याच्या उजव्या हाताला. पुण्यात काय, सिडनीत काय, आपला डावा हात गियरवर जातो. त्या सवयीनेच, डॉक्टर, तुम्ही पुतणीला दोषी ठरवलंत. डाव्या हाताने तो गोळा धरणारा माणूस उजव्या सीटवर होता. शेजारी बसलेला. लेटरबॉक्स दिसताच ईशानीने हिसका देऊन गाडी न्यूट्रलमध्ये आणली, म्हणून निदान नाकावर निभावलं. चालवणाऱ्याची हळद उजव्या तळव्यावर असणार. साबणाने ती जात नाही. सोहमची बोटं आपण पाहिली, स्वच्छ आहेत. आणि एका माणसाने उजवा हात खिशातून काढायला लागू नये म्हणून प्रसाद डाव्या हाताने घेतला."

राजीवची मान सोफ्याकडे वळली.

"तुम्ही पोलीस नाही," चंद्रहास म्हणाला.

"हात काढ," राजीव दबक्या आवाजात म्हणाला.

हात बाहेर आला. तळवा पिवळा.

"गाडी माझी होती!" चंद्रहास फुत्कारला. "निदान पहिली चक्कर तरी माझी!"

"काकांनी परवानगी दिलीय, असं सांगून बसवलं मला," ईशानी पहिल्यांदाच सलग बोलली. "नंतर सर म्हणाले, तोंड उघडलंस तर थिसिस विसर."

"चालता हो!" राजीव ओरडला. चंद्रहास गेला. राजीव पुतणीकडे वळला. "बॅग आत ठेव, बाळ."

"नको, काका. मी 'नाही' म्हटलं होतं. तुम्ही हातच बघत होतात." तिने बॅग उचलली. "काकू, मी मैत्रिणीकडे जाते. फोन करेन."

श्यामलाने तिच्या हातात पेढ्यांचा डबा दिला, आणि नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हृषिकेशनी बॅग आपल्या गाडीत ठेवली. स्टेशनकडे निघताना त्यांनी आरशात पाहिलं. राजीव रस्ता ओलांडून कॉर्व्हेटपाशी गेला होता. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याने सवयीने उजवं दार उघडलं, आत बसला, आणि दोन्ही हात पुढे केले.

पुढे धरायला काहीच नव्हतं.