छत्तीस वेळा बदललेली आई

‘मी केतकी. तुझी मुलगी.’

पुठ्ठ्यावर एवढं लिहून आठ वर्षांची केतकी त्यात दोरा ओवत होती. काम अगदी गुपचूप चाललं होतं, पण आजोबांच्या नजरेतून ते सुटतंय कसलं! चाळीस वर्षं आबांनी सूक्ष्मदर्शकातून (बारीक वस्तू मोठ्या दाखवणाऱ्या यंत्रातून) लोकांचं रक्त तपासलं होतं.

“हे कुणासाठी गं?”

“आईसाठी.” केतकीने दोऱ्याला गाठ मारली. आई चंद्रावरच्या तळावर भाज्या पिकवायला गेली होती. तीन वर्षांनी आज दुपारी ती घरी येणार होती. “बाई म्हणाल्या, महिन्याभरात कातडी नवी होते. म्हणजे आई छत्तीस वेळा बदलली, आबा! नव्या आईला मी कशी ओळखू येणार?”

“अगं, रोज पडद्यावर बोलते की तुझ्याशी.”

“तिथं माझं नाव लिहून येतं खाली. इथं कुठे येणार?”

आबा हसले नाहीत. हसले असते, तर ती रडलीच असती. त्यांनी तिच्या मनगटावर चिकटपट्टी दाबून काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. केतकीला फिकट पापुद्रे दिसले.

“या तुझ्या मेलेल्या त्वचापेशी. पेशी म्हणजे शरीराचा सगळ्यांत लहान जिवंत घटक. वरच्या गळतात, खालच्या विभागून नव्या होतात. रक्तातल्या तांबड्या पेशी चार महिने टिकतात. आतड्याचं अस्तर तर बिचारं चार-पाच दिवसांतच झिजतं.”

“म्हणजे सगळंच बदलतं?”

“पुढचं ऐक तरी, उतावळे! विभागण्याआधी पेशी आपल्यातल्या सूचनांची प्रत काढते आणि ती नव्या पेशीला देते. म्हणून नवी कातडीसुद्धा आईचीच. मेंदूतल्या चेतापेशी (निरोप नेणाऱ्या पेशी) मात्र बहुतेक जन्मभर त्याच राहतात. त्या एकमेकींशी जोडलेल्या असतात आणि त्या जोडण्यांत आठवणी टिकतात. शिवाय डोळ्यातल्या भिंगाच्या अगदी मधल्या पेशी आई जन्मायच्या आधीच्या आहेत. त्या कधीच बदलत नाहीत.”

केतकी विचारात पडली. “मी जन्मले तेव्हा मला बघितलं, तेच भिंग?”

“तेच.”

तरी पुठ्ठ्याची ती पाटी तिने गळ्यात घातलीच. खबरदारी म्हणून.

दुपारी दारात कुणीतरी काठी टेकत उभं राहिलं. चंद्रावरच्या कमी गुरुत्वाकर्षणाने वाळलेलं अंग, कानशिलांवर पडद्यात कधी न दिसलेले पांढरे केस. क्षणभर केतकीलाच आई ओळखू येईना. आबांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. आईने पाटीकडे बघितलंसुद्धा नाही. ती केतकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, मग तिने केतकीच्या कानामागे बोट फिरवलं.

“इथं अजून साबण राहतोच का गं तुझा?”

केतकीने तिला घट्ट मिठी मारली. पाटी दोघींच्या मध्ये चेपून गेली.

कितीतरी वेळाने आईच्या कुशीतूनच तिने विचारलं, “आबा, मोठेपणी मी मंगळावर जाणार. परत आल्यावर तुम्ही ओळखाल ना मला?”

आबांनी चष्मा पुसला. “मोतीबिंदू काढला तेव्हा माझी भिंगं बदलली गं. पण चेतापेशी जुन्याच आहेत. तू ये तर खरी.”